मांडीतली हायडॅटिड गाठ: सुई टोचण्याआधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. तुमची थोरली बहीण, वय ३४, सासर जत तालुक्यात, घरात मेंढरं आणि राखणीची कुत्री. उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला तीन वर्षांपासून गाठ आहे. ती दुखत नाही, पण गेल्या सहा महिन्यांत दुप्पट झाली, आता सुमारे सात सेंटीमीटर. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'आत कप्पे असलेली पाण्याची गाठ, हायडॅटिडची शंका' (हायडॅटिड म्हणजे कुत्र्यातल्या जंतामुळे माणसाला होणारी गाठ) असं लिहिलंय, पण रक्तातली हायडॅटिडची तपासणी निगेटिव्ह आली. एक डॉक्टर म्हणतात, सुई घालून पाणी काढू आणि तपासू. दुसरे म्हणतात, सरळ काढून टाकू. तुमच्या चुलत्यांच्या यकृतातली अशीच गाठ सुईनेच बरी झाली होती, मग ताईंना तेच का करू नये, आणि नुसत्या गोळ्यांनी ती विरघळणार नाही का, असं तुम्ही विचारलंय.

मी दुष्काळी पट्ट्यातच शस्त्रक्रिया करणारा सर्जन आहे आणि मेंढपाळ घरातले रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. ताईंना मी तपासलेलं नाही, फिल्मही पाहिलेल्या नाहीत. त्यामुळे अंतिम निर्णय त्यांना हाताळणाऱ्या डॉक्टरांचाच. पण विचार कोणत्या क्रमाने करायचा, हे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

'सुई की ऑपरेशन' हा प्रश्न नंतरचा आहे. त्याच्या अलीकडचे दोन प्रश्न अजून सुटलेले नाहीत. ही गाठ हायडॅटिडचीच आहे का? आणि असेल, तर शरीरात ती एकटीच आहे का? या दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत ताईंच्या मांडीला सुईही लागू नये आणि ब्लेडही लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जी गाठ तीन वर्षं आहे, तिच्या तपासण्यांत आणखी दहा-पंधरा दिवस गेले तर बहुधा काही बिघडत नाही. बिघडण्याची चिन्हं वेगळी असतात: ताप, गाठीवर लाली आणि ठणका, पायाला मुंग्या येणं, पाऊल वर उचलता न येणं. किंवा गाठीवर मार बसल्यानंतर अंगावर पित्त उठणं, श्वास लागणं, चक्कर येणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

आता ही गाठ मांडीत आलीच कशी, ते थोडं समजून घेऊ. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हा जंत मुळात कुत्र्याचा. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाचा, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि कुत्र्याला त्याचा काही त्रास होत नाही. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माती, चारा, पाणी, भाजीपाला, कुत्र्याचे केस अशा सगळीकडे लागतात. मेंढी चरताना ती गिळते आणि तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ तयार होते. मेंढी कापल्यावर ती खराब कलेजी-फुप्फुसं कुत्र्यापुढे टाकली की गाठीतले सूक्ष्म जीव कुत्र्याच्या पोटात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. माणूस या चक्रात अपघाताने सापडतो, मेंढीच्या जागी. मटण खाऊन हा आजार होत नाही, आणि एका माणसाकडून दुसऱ्यालाही होत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण हा आजार कळल्यावर बाईचं ताट-वाटी वेगळी काढलेली मी पाहिली आहे. ताईंच्या बाबतीत तसं होऊ देऊ नका. त्यांना लेकरांना जवळ घ्यायला काहीही हरकत नाही.

माणसाने गिळलेलं अंडं आतड्यात फुटतं. त्यातला अंकुर आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो. पहिला अडसर यकृताचा, म्हणून सुमारे ७० टक्के गाठी तिथे. तिथून निसटला तर फुप्फुस, साधारण २० टक्के. या दोन्हींतून पार झालेला अंकुर मग रक्त नेईल तिथे जातो: प्लीहा, मूत्रपिंड, स्नायू, हाडं, मेंदू, हृदय, अगदी स्तन आणि थायरॉईडसुद्धा. स्नायूंमध्ये गाठ एकूणच कमी आढळते. सतत आकुंचन पावणारा आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारा स्नायू या जिवाला मानवत नाही, असं त्याचं कारण दिलं जातं. तरीही जिथे स्नायू मोठे आणि रक्तपुरवठा भरपूर, म्हणजे मांडी, नितंब आणि पाठीच्या कण्यालगतचे स्नायू, तिथे त्या अधूनमधून सापडतात. म्हणजे ताईंची गाठ विरळ जागी असली तरी अजब नाही.

या प्रवासातूनच तपासणीचा पहिला नियम निघतो. मांडीपर्यंत पोचलेला अंकुर आधीच्या दोन थांब्यांवरून गेलेला आहे. त्याच्या सोबतचे दुसरे तिथे अडकलेले असू शकतात. म्हणून पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे, शक्य झाल्यास छातीचा सीटी स्कॅन, हे मांडीच्या एमआरआयइतकंच महत्त्वाचं आहे. तुम्ही जे कागद वर्णन केलेत त्यात फक्त मांडीची सोनोग्राफी दिसते. पोट पाहिलंच नसेल तर उद्याच पाहून घ्या. ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे आणि तिचा फायदा दुहेरी. यकृतात ठरावीक रूपाची हायडॅटिड गाठ सापडली, तर मांडीतल्या गाठीचं निदानही जवळपास पक्कं होतं. शिवाय फुप्फुसात मोठी गाठ असेल तर भूल देण्याआधी भूलतज्ज्ञाला ते माहीत असायलाच हवं. फुप्फुसात न फुटलेली मोठी गाठ असताना अल्बेंडाझोल हे जंताचं औषध सुरू करायलाही बरेच सर्जन कचरतात, कारण गाठीची भिंत कमकुवत होऊन ती श्वासनलिकेत फुटण्याची भीती असते. म्हणजे गोळ्यांचा निर्णयसुद्धा छातीच्या फिल्मवर अवलंबून आहे.

रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून हायडॅटिड नाही, असं समजू नका. ही तपासणी जंत शोधत नाही, जंताविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. यकृतातल्या गाठींमध्ये ती दहापैकी आठ-नऊ जणांत पॉझिटिव्ह येते. फुप्फुस, स्नायू, हाड, मेंदू इथे ते प्रमाण बरंच घसरतं. गाठ अखंड असेल, तिच्यातलं काहीच बाहेर झिरपलेलं नसेल, तर शरीराला तिचा पत्ताच लागत नाही. उलटही होतं. डुकरातल्या फीतकृमीच्या संसर्गात हीच तपासणी चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसणंही काही सिद्ध करत नाही, बहुतेक रुग्णांत त्या वाढत नाहीत. आमच्या आधीच्या पिढीत कातडीत टोचून करायची कॅसोनी नावाची चाचणी चालायची, ती आता भरवशाची नाही म्हणून मागे पडली. थोडक्यात, अनोळखी जागी निदानाची भिस्त चित्रांवर असते, रक्तावर नाही.

चित्रात काय पाहायचं? हायडॅटिड गाठीला तीन थर असतात. सर्वांत आत जिवंत थर, त्यावर जंताचाच पापुद्र्यांचा पांढरा थर आणि बाहेर आपल्या शरीराने उभं केलेलं जाड वेष्टन. आतल्या थरापासून छोट्या पिल्लू-गाठी तयार होतात. एमआरआयमध्ये मोठ्या गाठीच्या पोटात गोल-गोल पिल्लं दिसली आणि भोवती गडद कडा दिसली, तर हायडॅटिडशिवाय दुसरं फारसं काही उरत नाही. आतला पडदा सुटून पाण्यात तरंगताना दिसला तरी तेच. यकृतातल्या गाठींसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने टप्पे ठरवून दिलेत, सीई १ ते सीई ५. सीई १ म्हणजे एका कप्प्याची, स्वच्छ पाण्याची. सीई २ म्हणजे पिल्लं असलेली. सीई ३ म्हणजे संक्रमणातली: पडदा सुटला असेल तर ३ए, पिल्लं आणि घट्ट भाग दोन्ही असतील तर ३बी. सीई ४ आणि सीई ५ म्हणजे निवलेल्या, घट्ट किंवा चुन्यासारखा थर चढलेल्या. हे टप्पे यकृतासाठी असले तरी स्नायूतल्या गाठीलाही आम्ही तीच भाषा वापरतो, कारण उपचाराचा विचार त्यातूनच सुरू होतो. ताईंच्या रिपोर्टमधल्या 'कप्प्यां'वरून ती सीई २ किंवा ३बी असावी असं वाटतं, पण ते एमआरआयने पक्कं व्हायला हवं.

आणि एमआरआय कॉन्ट्रास्टसह, म्हणजे चित्र स्पष्ट करणारं औषध शिरेतून देऊन करा, हा माझा आग्रह आहे. मांडीत खोल, पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी आणि वाढणारी गाठ म्हटली की कुठल्याही सर्जनच्या मनात एक नाव आधी यायला हवं: सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबी अशा मऊ ऊतींचा कर्करोग. त्याचे काही प्रकार, विशेषतः मिक्सॉइड लायपोसार्कोमा, साध्या सोनोग्राफीत पाण्याच्या गाठीसारखे भासू शकतात. कॉन्ट्रास्ट दिल्यावर कर्करोगाचा आतला भाग उजळतो. हायडॅटिडमध्ये उजळली तर फक्त भिंत, आतलं पाणी आणि पिल्लं तशीच राहतात. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. ताईंच्या घरची परिस्थिती, गाठीचं वय, तिच्यातले कप्पे, सगळं हायडॅटिडकडे झुकतं. पण 'घरात मेंढरं आहेत, म्हणजे हायडॅटिडच' असं धरून चालणं जितकं धोक्याचं, तितकंच 'मांडीत कुठला आलाय हायडॅटिड' असं म्हणणंही.

दुसरी शक्यता आपल्याकडची नेहमीची, क्षयाचा थंड गळू. मणक्याच्या क्षयाचा पू स्नायूंच्या वाटेने कंबर, जांघ, मांडी असा खाली उतरतो, दुखत नाही आणि महिनोन् महिने राहतो. इथे घोळ दोन्ही बाजूंनी होतो. एका मध्यमवयीन बाईंच्या कंबरेतल्या सुजेला क्षयाचा गळू समजून दुसरीकडे कित्येक महिने क्षयाची औषधं चालली होती. सूज कमी होईना म्हणून माझ्याकडे आल्या. एमआरआयमध्ये कण्यालगतच्या स्नायूत पिल्लांनी भरलेली गाठ निघाली. हायडॅटिड गाठीत जंतुसंसर्ग झाला तर ओळखणं आणखी कठीण. ताप असतो, लाली असते, कुणीही गळू समजून चीर देतो आणि आतून पुवासोबत द्राक्षाच्या सालीसारखे पांढरट पडदे बाहेर पडू लागतात. आपल्या भागात काम करणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरला मी सांगतो: चिरेतून असे पडदे आले तर ते कचऱ्यात टाकू नका, पॅथॉलॉजीला पाठवा आणि रुग्णाचं पोट-छाती तपासा.

आता सुईकडे येतो. चुलत्यांना जे केलं त्या पद्धतीला पेअर म्हणतात. सोनोग्राफीत पाहत सुई घालायची, पाणी ओढायचं, जंत मारणारं द्रावण सोडायचं आणि काही वेळाने तेही ओढून घ्यायचं. १९८०च्या दशकात ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी ती रूढ केली आणि निवडक गाठींसाठी ती उत्तम आहे. निवडक म्हणजे यकृतातल्या, एका कप्प्याच्या किंवा पडदा सुटलेल्या, सीई १ आणि ३ए. तिथे सुई यकृताच्या जाड मांसातून गाठीत जाते, त्यामुळे बाहेर गळती होण्याची शक्यता कमी. तरीही आधी अल्बेंडाझोल सुरू केलेलं असतं, तातडीची औषधं हाताशी असतात आणि पाण्यात पित्त नाही ना हे द्रावण सोडण्याआधी पाहिलेलं असतं. कप्पे आणि पिल्लं असलेल्या गाठीत मात्र प्रत्येक कप्पा वेगळा, सुई एकात जाते आणि बाकीचे तसेच राहतात. म्हणून ताईंची गाठ यकृतात असती तरी ती या पद्धतीला योग्य ठरली नसती. चुलत्यांची आणि ताईंची तुलना इथेच थांबते.

निदानासाठी सुई घालणं हा वेगळा विषय. हायडॅटिडला सुई लावली की माणूस दगावतो, असं पूर्वी शिकवलं जायचं. आज आपल्याला माहीत आहे की जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, पण ती विरळ आहे. मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. गाठीतल्या पाण्यात सूक्ष्म जीव असतात आणि त्यातला प्रत्येक नवी गाठ तयार करू शकतो. मांडीत ते पाणी स्नायूंच्या थरांमध्ये पाझरलं, तर पुढे एका गाठीच्या जागी अनेक गाठी होतात, आणि त्या काढणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा फार अवघड. समजा ती सार्कोमा निघाली, तरी कुठूनही घातलेली सुई नुकसानच करते, कारण सुईची वाटही नंतर काढून टाकावी लागते. म्हणून चित्रं पुरेशी बोलकी असतील तर सुई नकोच. एमआरआयनंतरही शंका उरली, तर बायोप्सी करावी लागेल आणि ती करायला मी विरोध करणार नाही. फक्त ती पुढचं ऑपरेशन करणार असलेल्या टीमने ठरवलेल्या जागेतून, अल्बेंडाझोल सुरू करून आणि ॲलर्जीची तयारी ठेवून करावी. बाह्यरुग्ण विभागात 'जरा पाणी काढून बघू' म्हणून करू नये.

गोळ्यांबद्दल. तुमच्या प्रश्नात एक ओळ आहे की घरातले सगळे दरवर्षी जंताची गोळी घेतात, तरी हे कसं झालं. ती गोळी म्हणजे अल्बेंडाझोलचा ४०० मिलिग्रॅमचा एक डोस, आतड्यातल्या जंतांसाठी. स्नायूतल्या जाड वेष्टनाच्या आड बसलेल्या जिवावर एका डोसाने काही होत नाही. हायडॅटिडला तेच औषध दर किलो वजनामागे दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन भागांत, बऱ्याचदा महिनोन् महिने द्यावं लागतं. मोठ्या माणसाला साधारण ४०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. रिकाम्या पोटी घेतलं तर ते फार कमी शोषलं जातं, स्निग्ध पदार्थांबरोबर कितीतरी पट जास्त. भाकरीवर तूप, शेंगदाण्याची चटणी-तेल, दूध, जे घरात असेल त्याबरोबर घ्यायचं. पूर्वी चार आठवडे गोळ्या आणि दोन आठवडे सुट्टी अशी पद्धत होती, आता आम्ही खंड न पाडता देतो.

हे औषध मनाने सुरू करू नका. सुरू करण्याआधी आणि सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी यकृताच्या तपासण्या आणि पांढऱ्या पेशींची मोजणी लागते. काहींचे केस गळतात, औषध थांबवल्यावर परत येतात. ताईंचं वय पाहता गर्भ नाही ना याची खात्री करून घ्या, आणि औषध चालू असताना व त्यानंतर किमान महिनाभर गर्भधारणा टाळा. नुसत्या गोळ्यांनी बरं होण्याची आशा छोट्या, एका कप्प्याच्या, कोवळ्या गाठीत जास्त. सात सेंटीमीटरची, पिल्लांनी भरलेली, वाढत असलेली गाठ फक्त गोळ्यांनी पूर्ण संपेल असं मी ताईंना सांगणार नाही. गोळ्यांचं इथलं काम ऑपरेशनआधी आतले जीव दुर्बळ करणं आणि नंतर सांडलेलं-उरलेलं मारणं. उलट, गाठ जर सीई ४-५ सारखी निवलेली असती, तर मी गोळ्याही दिल्या नसत्या आणि चाकूही लावला नसता. सहा महिन्यांनी, वर्षाने चित्र काढून नुसतं पाहिलं असतं. प्रत्येक गाठ काढायचीच असते असं नाही.

म्हणजे दुसरे डॉक्टर योग्य दिशेने सांगताहेत, फक्त 'सरळ' हा शब्द मला मान्य नाही. एमआरआय, पोट, छाती, मग दोन ते चार आठवडे गोळ्या आणि मग ऑपरेशन, हा माझा क्रम. स्नायूतल्या गाठीचं एक बरं असतं: यकृतासारखं पित्ताचं लचांड नसतं आणि बहुतेक वेळा गाठ न फोडता, बाहेरच्या वेष्टनासह अख्खी काढता येते. भोवतालची जागा आम्ही २० टक्के मिठाच्या द्रावणात भिजवलेल्या कपड्यांनी झाकून घेतो, चुकून काही सांडलंच तर ते तिथेच मरावं म्हणून. ताईंच्या बाबतीत खरी अडचण जागेची आहे. मांडीच्या मागच्या बाजूने सायॅटिक नस, म्हणजे पायाचा मोठा मज्जातंतू जातो. गाठ नसेला चिकटली आहे की नुसती ढकलते आहे, हे एमआरआय पाहून आधीच ठरवावं लागतं. चिकटली असेल, तर नसेवरचा वेष्टनाचा भाग तसाच ठेवणं शहाणपणाचं. मग गाठीतलं पाणी बंदिस्तपणे ओढून, द्रावण सोडून, पडदे आणि पिल्लं काढून घ्यायची आणि नंतर गोळ्या जास्त काळ द्यायच्या. गाठ अख्खी निघावी या हट्टापायी पाऊल लुळं करून ठेवणं मला मंजूर नाही. तुमच्या सर्जनना हा प्रश्न थेट विचारा: 'नसेला चिकटली असेल तर तुम्ही काय करणार?' ज्यांच्याकडे उत्तर तयार आहे, त्यांच्याकडेच ऑपरेशन करा.

शरीरातल्या इतर जागांबद्दल तुम्ही शेवटी सहज विचारलंय, तर सांगतो, कारण जागेनुसार सगळा विचार बदलतो. हाड ही सर्वांत वाईट जागा. तिथे गाठीभोवती वेष्टन तयारच होत नाही. जंत हाडाच्या पोकळ्यांमधून छोट्या-छोट्या फुग्यांनी पसरत जातो, कर्करोगासारखा. मणक्यात झाला तर पाय लुळे पडू शकतात, आणि ऑपरेशननंतरही तो पुन्हा-पुन्हा उद्भवतो. अशा रुग्णांना गोळ्या वर्षानुवर्षं द्याव्या लागतात. प्लीहेतली गाठ शक्य असेल तर प्लीहा वाचवून काढतात. पूर्ण प्लीहाच काढायची असेल तर न्यूमोकॉकससारख्या जंतूंच्या लसी आधी द्यायच्या असतात, हे बऱ्याचदा राहून जातं. मूत्रपिंडातली गाठ मूत्रमार्गात फुटली की लघवीतून पडदे पडतात, आणि रुग्ण ते बाटलीत घालून घेऊन आला तर निदान तिथेच होतं. मेंदूतली गाठ बहुधा लहान मुलांत आढळते, आणि न्यूरोसर्जन ती न फोडता, मागून सलाईन सोडून अलगद तरंगवत बाहेर काढतात. हृदयातली गाठ हृदयशस्त्रक्रियेच्या केंद्रातच हाताळायची.

एक दुसरा जंत इथे सांगायलाच हवा, कारण रिपोर्टमध्ये 'परजीवी गाठ' एवढंच वाचून लोक दोन्ही एकच समजतात. डुकरातल्या फीतकृमीच्या अळीची गाठ, सिस्टिसर्कोसिस. ती लहान असते, सहसा एखाद सेंटीमीटरची, आणि आत ठिपक्यासारखं डोकं दिसतं. जीभ, गाल, दंड, डोळ्याभोवतीचे स्नायू या तिच्या आवडत्या जागा. फीतकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी पाण्या-भाजीतून पोटात गेली की ती होते, म्हणून आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्यांनाही होते. हिच्यात गोळ्यांचा नियम फार वेगळा आहे. डोळा हलवणाऱ्या स्नायूत गाठ असेल तर अल्बेंडाझोल आणि स्टेरॉइडने ती बहुतेकदा विरघळते, कापायची गरज पडत नाही. पण गाठ बुबुळामागे, डोळ्याच्या आत असेल, तर ती काढण्याआधी तीच गोळी दिल्यास मरणाऱ्या अळीमुळे डोळ्यात इतका दाह होतो की दृष्टी जाऊ शकते. म्हणून मेंदूतल्या किंवा इतर सिस्टिसर्कोसिससाठी ही औषधं देण्याआधी डोळ्याचा पडदा तपासणं बंधनकारक मानायला हवं. एकच गोळी, एका जागी औषध आणि दोन सेंटीमीटर आत अपाय.

तर ताईंसाठी पुढचे दोन आठवडे असे. पोटाची सोनोग्राफी आणि छातीची फिल्म लगेच. मांडीचा कॉन्ट्रास्ट एमआरआय, आणि त्यात सायॅटिक नसेबद्दल स्पष्ट लिहून देण्याची विनंती. रक्तात यकृत, मूत्रपिंड, पेशींची मोजणी, आणि गर्भ राहिलेला नाही ना याची तपासणी. चित्र हायडॅटिडचं असेल तर गोळ्या आणि ठरवून ऑपरेशन, सार्कोमाची शंका असेल तर कर्करोग केंद्र. तोवर गाठ चोळणं, शेकणं, तेल जिरवणं बंद. मिरज किंवा सोलापूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल. खर्चाची अडचण असेल तर तिथल्या आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

ऑपरेशननंतर निघालेली गाठ पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. गोळ्या साधारण एक ते तीन महिने, काही सांडलं असेल तर त्याहून जास्त. पुढची निदान पाच वर्षं ठरावीक काळाने मांडी आणि पोटाची सोनोग्राफी करत राहा, कारण हा आजार उशिरा परततो. रक्ताच्या तपासणीवर तेव्हाही विसंबू नका, प्रतिपिंडं बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात.

शेवटी घराबद्दल. चुलते आणि ताई, एकाच कुटुंबातले दोघे. त्यामुळे ताईंच्या सासरी आणि तुमच्याकडे, कुत्र्या-मेंढरांत वावरणाऱ्या सगळ्यांची, मुलांसकट, एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या. लक्षणं नसली तरी. कुत्र्यांना पशुवैद्यकीय दवाखान्यातून प्राझिक्वांटेल द्या आणि दर सहा आठवड्यांनी देत राहा, कारण नव्याने लागण झालेल्या कुत्र्यातून जंताची अंडी बाहेर पडायला साधारण तेवढाच काळ लागतो. औषध जंत मारतं, अंडी मारत नाही, म्हणून त्यानंतरचे दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवून त्याची विष्ठा खोल पुरा किंवा जाळा. मेंढी कापली किंवा मेली की तिची कलेजी, फुप्फुसं कुत्र्याला कच्ची टाकू नका: पुरा, जाळा किंवा अर्धा-पाऊण तास उकळून मगच द्या. दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, कोकणाकडे निघाला की रानात हे पाळणं कठीण जातं, याची मला कल्पना आहे. तिथे निदान मेलेलं जनावर खोल पुरणं आणि जेवणाआधी हात धुणं, एवढं तरी करा. आइसलँडमध्ये एके काळी हा आजार घरोघरी होता. कुत्र्यांना औषध आणि कच्ची आतडी-कलेजी खाऊ न घालणं, या दोन गोष्टी तिथल्या मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या आणि तो देशातून गेला.

एमआरआय झाला की रिपोर्टमधले गाठीचे कप्पे, कॉन्ट्रास्टनंतर काय उजळलं आणि नसेपासूनचं अंतर, या तीन ओळी मला लिहून पाठवा. त्यावर पुढचं नेमकं बोलता येईल.